लॉर्ड जॉर्ज बेंटिंक आणि १८४४ ची डर्बी

सतीबंदीच्या कायद्यामुळे लॉर्ड विल्यम बेंटिंक हे नाव आपल्याकडे शाळकरी मुलांनाही ठाऊक असते. त्यांचे पुतणे लॉर्ड जॉर्ज बेंटिंक यांनी हिंदुस्थानच्या भूमीवर कधी पाऊल ठेवले नाही, त्यामुळे आपल्या इतिहासाच्या पुस्तकांत त्यांना स्थान मिळाले नाही. इंग्लंडमध्ये मात्र ते दोन कारणांसाठी ओळखले जातात. घोडदौडीच्या मैदानावरील एक मोठी लबाडी त्यांनी उघडकीस आणली, आणि पुढे दोनच वर्षांनी आपल्याच पक्षाच्या पंतप्रधानांना पायउतार व्हायला लावले. या दोन्ही गोष्टींच्या मुळाशी एकच स्वभाव होता. फसवले जाणे त्यांना सहन होत नसे.

२७ फेब्रुवारी १८०२ रोजी नॉटिंगहॅमशायर परगण्यातील वेलबेक येथे त्यांचा जन्म झाला. वडील पोर्टलंडचे चौथे ड्यूक. मुत्सद्दी जॉर्ज कॅनिंग हे मावशीचे यजमान. त्यामुळे १८५७ च्या धामधुमीत आपल्याकडे गव्हर्नर जनरल असलेले लॉर्ड कॅनिंग हे लॉर्ड जॉर्ज यांचे मावसभाऊ होत. काही काळ घोडदळात आणि काही काळ कॅनिंग यांचे खाजगी चिटणीस म्हणून काढल्यावर १८२८ साली, काका गव्हर्नर जनरल होऊन हिंदुस्थानात आले तेव्हा, त्यांचाच किंग्ज लिन हा मतदारसंघ पुतण्याकडे आला. तेथून ते अखेरपर्यंत निवडून येत राहिले. परंतु पहिली अठरा वर्षे सभागृहात त्यांचा आवाज क्वचितच कोणी ऐकला असेल. रात्री उशिरा मतदानापुरते यावे, अंगावर शिकारीचा लाल कोट तसाच असावा आणि त्यावर पांढरा ओव्हरकोट चढवलेला असावा, असा त्यांचा शिरस्ता. जीव गुंतलेला होता तो घोड्यांत.

घोड्यांचा हा नाद सुरुवातीलाच महागात पडला. १८२६ च्या सेंट लेजर शर्यतीत त्यांनी पंचवीस हजार पौंडांहून अधिक रक्कम गमावली आणि घरच्यांना ती भरून द्यावी लागली. ड्यूकसाहेब संतापले. मुलाने जुगार सोडला नाहीच. वडिलांच्या नजरेपासून दूर राहण्यासाठी आपले घोडे मित्रांच्या आणि नातलगांच्या नावे पळवण्याची युक्ती त्याने शोधली. पुढे इतरांच्या खोट्या नावांमागे हात धुऊन लागणारा हा गृहस्थ स्वतः कित्येक वर्षे दुसऱ्यांच्या नावाआड उभा होता, हे विसरता येत नाही. पैजांचे भाव आपल्या सोयीने चढवण्या-उतरवण्यातही त्यांचा हात धरणारा कोणी नव्हता. एका पैजेच्या रकमेवरून १८३६ मध्ये स्क्वायर ऑस्बल्डेस्टन यांच्याशी त्यांचे पिस्तुलांचे द्वंद्व झाले. सुदैवाने कोणाला इजा झाली नाही.

त्याच वर्षीची एलिस या घोड्याची हकीकत त्यांची बुद्धी कशी चाले ते दाखवते. त्या काळी शर्यतीचा घोडा एका गावाहून दुसऱ्या गावी पायी चालवत नेत. दक्षिणेतील गुडवुडहून उत्तरेकडील डॉन्कॅस्टरपर्यंतचे सुमारे अडीचशे मैल कापायला पंधरवडा लागे. सेंट लेजरला थोडे दिवस उरले तरी एलिस गुडवुडलाच आहे, अशी खबर बुकमेकर मंडळींना होती. आता तो पोहोचणे शक्य नाही असे धरून त्यांनी भाव चढवले. लॉर्ड जॉर्ज यांनी आतून गादी लावलेली एक भलीमोठी गाडी बनवून घेतली होती. तिला टप्प्याटप्प्याला ताजे घोडे जोडत एलिसला तीन दिवसांत डॉन्कॅस्टरला आणले गेले. तो ताजातवाना उतरला आणि शर्यत जिंकला. शंभरहून अधिक वर्षांनी, १९४७ मध्ये, बडोद्याचे महाराज प्रतापसिंहराव गायकवाड यांच्या ‘सयाजीराव’ या घोड्याने जिंकली ती हीच सेंट लेजर. तोपर्यंत घोडे गाडीतून नेण्याची रीत इतकी रुळली होती की तिचा आरंभ कोणी केला हे बहुतेकांना आठवतही नसावे.

त्यांचा सर्वांत लाडका प्राणी म्हणजे क्रूसिफिक्स ही घोडी. आईसह अवघ्या पासष्ट गिनींना घेतलेल्या या शिंगीने १८४० साली टू थाउजंड गिनीज, वन थाउजंड गिनीज आणि ओक्स या तिन्ही मानाच्या शर्यती जिंकल्या. ती आयुष्यात कधी हरली नाही. तिचा पुढे पुन्हा उल्लेख येईल.

पैसा आला तशी मैदानाच्या व्यवस्थेकडे त्यांची दृष्टी वळली. गुडवुडला त्यांनी प्रत्येक घोड्याला क्रमांक दिला, तो फलकावर लावला, घोडे प्रेक्षकांसमोरून फिरवण्याची प्रथा पाडली, वेळेची शिस्त आणली. पूर्वी तोंडी हुकमावर शर्यत सुटे आणि त्यात गोंधळ ठरलेला असे. त्यांनी निशाण खाली पाडून शर्यत सोडण्याची पद्धत बसवली आणि प्रसंगी स्वतः निशाण हाती घेतले. हरलेली पैज बुडवणाऱ्यांना मैदानाबाहेर काढण्याचाही त्यांनी सपाटा लावला.

अशा वेळी १८४४ ची डर्बी आली. एप्समला १७८० पासून होत आलेली ही दीड मैलांची शर्यत केवळ तीन वर्षांच्या घोड्यांसाठी असते. त्या वयात एका वर्षाचे अंतर फार मोठे. शाळेच्या धावण्याच्या शर्यतीत बारा वर्षांच्या मुलांमध्ये सोळा वर्षांचा मुलगा घुसवावा तसे. रनिंग रेन नावाच्या घोड्याविषयी आदल्या वर्षीच कुजबूज सुरू झाली होती. न्यूमार्केटला दोन वर्षांच्या घोड्यांच्या शर्यतीत तो जिंकला तेव्हा त्याच्या वयाबद्दल रीतसर हरकत घेतली गेली, पण पागेतील एका पोराच्या खोट्या साक्षीवर ती फेटाळण्यात आली. डर्बीपूर्वी लॉर्ड जॉर्ज आणि आणखी काही जणांनी लेखी तक्रार केली. घोडा पळू द्यावा, जिंकला तर चौकशी करावी, असे पंचांनी ठरवले.

२२ मे १८४४ रोजी एकोणतीस घोडे सुटले. रनिंग रेन पहिला आला. कर्नल पील यांचा ऑर्लँडो दुसरा. हे कर्नल म्हणजे पंतप्रधान सर रॉबर्ट पील यांचे धाकटे बंधू. त्या दिवशीचे पाप एका घोड्यापुरते नव्हते. लिअँडर नावाचा एक घोडा शर्यतीत रनिंग रेनच्या टापेचा आघात बसून पाय मोडल्याने मारावा लागला, आणि मागून त्याचा जबडा तपासला तेव्हा तोही चार वर्षांचा निघाला. रतन—नाव ऐकून मराठी वाचकाला तो आपल्यातलाच वाटावा—या नावाजलेल्या घोड्यावर आदल्या रात्री औषधप्रयोग झाल्याचे पुष्कळांनी मानले.

घोड्याचे वय दातांवरून कळते, हे आपल्याकडच्या घोड्यांच्या व्यापाऱ्यांनाही पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक आहे. अडीच वर्षांच्या सुमारास समोरचे दुधाचे दात बदलू लागतात आणि पुढे दर वर्षी एकेक जोडी बदलत जाते. तेव्हा रनिंग रेनचे तोंड उघडले की निकाल लागणार होता. म्हणूनच ते उघडू दिले जात नव्हते. बक्षिसाची रक्कम अडकली. घोड्याचे कागदोपत्री मालक वुड हे एप्सममधील धान्याचे व्यापारी. त्यांनी कर्नल पील यांच्यावर दावा लावला. वुड स्वतः प्यादे होते. सूत्रधार होता गुडमन नावाचा जुगारी.

पुढचे सहा आठवडे लॉर्ड जॉर्ज यांनी एखाद्या मुरलेल्या पोलीस अंमलदाराप्रमाणे तपास केला. घोडा कोणाच्या शेतावर जन्मला, कोणी वाढवला, कोठून कोठे हलवला, याची साखळी त्यांनी जुळवली. लंडनमधील केशभूषेच्या एका दुकानातून गुडमनने केसांचा कलप नेल्याचेही शोधून काढले; ओळखीच्या खुणा झाकायला तो लागला होता. खरे चित्र असे उभे राहिले की १८४० साली जन्मलेला मॅकाबियस नावाचा घोडा एका वर्षाने लहान असलेल्या रनिंग रेनच्या नावावर पळवला गेला होता.

१ जुलै १८४४ रोजी न्यायमूर्ती ऑल्डरसन यांच्यापुढे खटला उभा राहिला. पील यांच्या बाजूने सर फ्रेडरिक थेसिजर. माँटफर्ड सुधारणांमुळे आपल्याला परिचित असलेले व्हाइसरॉय चेम्सफर्ड हे यांचेच नातू. वुड यांच्या बाजूने अलेक्झांडर कॉकबर्न. त्यांनी लॉर्ड जॉर्ज यांच्यावर, साक्षीदार गोळा करण्याच्या त्यांच्या खटाटोपावर कडाडून टीका केली. न्यायमूर्तींनी वादाला फाटा देऊन एकच मागणी केली : घोडा हजर करा. घोडा आला नाही. तो परस्पर पळवला गेला होता. दुसऱ्या दिवशी वुड यांनी दावा सोडून दिला. डर्बी ऑर्लँडोची ठरली. गुडमन फ्रान्सला पळाला. सरदार-उमरावांनी असल्या लोकांशी व्यवहार ठेवला तर फसण्याची तयारीही ठेवावी, अशा अर्थाचे खडे बोल न्यायमूर्तींनी सुनावले. ते दोन्ही बाजूंना लागू होते.

कृतज्ञ मंडळींनी लॉर्ड जॉर्ज यांच्यासाठी दोन हजारांवर पौंड जमवले. त्यांनी स्वतःसाठी काही घेतले नाही. जॉकी आणि ट्रेनर यांच्या विधवा व मुलांसाठी त्या रकमेतून निधी उभा राहिला.

१८४६ च्या आरंभी सर रॉबर्ट पील यांनी धान्यावरील आयातकर उठवण्याचे ठरवले. आयर्लंडमधील बटाट्याच्या पिकाचा नाश आणि दुष्काळ पाहता त्यांच्या निर्णयात मोठे बळ होते, यात शंका नाही. पण १८४१ ची निवडणूक त्यांच्या पक्षाने हा कर राखण्याच्या भरवशावर जिंकली होती. लॉर्ड जॉर्ज यांना हे रनिंग रेनचेच प्रकरण वाटले : एका नावाने उतरवलेला घोडा दुसराच निघाला. अठरा वर्षे मौन धरलेला हा सभासद उभा राहिला आणि तासन्‌तास आकडे मांडू लागला. जोडीला बेंजामिन डिझरायली होते. २५ जून १८४६ रोजी करांचे विधेयक वरिष्ठ सभागृहात संमत झाले, आणि त्याच रात्री आयर्लंडविषयीच्या दुसऱ्या विधेयकावर पील यांचा २९२ विरुद्ध २१९ मतांनी पराभव झाला. चारच दिवसांनी पंतप्रधानांनी राजीनामा दिला. कर मात्र गेला तो गेलाच. ज्यांच्या भावाला दोन वर्षांपूर्वी डर्बी मिळवून दिली, त्यांनाच खाली खेचले गेले होते.

राजकारण आणि पागा एकत्र चालणार नाहीत, हे उमगून त्याच उन्हाळ्यात गुडवुडला त्यांनी सगळे घोडे, घोड्या, शिंगरे मिळून दोनशेवर जनावरे एकाच सौद्यात दहा हजार पौंडांना विकून टाकली. त्या शिंगरांत क्रूसिफिक्सचा मुलगा सरप्लिस होता.

नव्या कामात त्यांनी शरीराची पर्वा केली नाही. सकाळी कोरडा टोस्ट, आणि त्यानंतर सभागृह सुटेपर्यंत, म्हणजे अनेकदा मध्यरात्रीनंतर, काही नाही. १८४७ मध्ये ज्यूंना पार्लमेंटचे दार उघडावे, या बाजूने त्यांनी मत दिले. अनुयायी खवळले, तेव्हा मत मागे न घेता त्यांनी नेतेपद सोडले.

२४ मे १८४८ रोजी सरप्लिसने डर्बी जिंकली. आयुष्यभर ज्या एका बक्षिसासाठी झुरले ते त्यांच्याच पागेत जन्मलेल्या घोड्याने, पण दुसऱ्याच्या नावावर मिळवले होते. त्याच आठवड्यात साखरेच्या करावरील त्यांचे ठराव समितीने फेटाळले होते. दुसऱ्या दिवशी पार्लमेंटच्या ग्रंथालयात, पुस्तकांच्या कपाटापुढे, हातात एक ग्रंथ घेऊन ते उभे असलेले डिझरायली यांना दिसले. सांत्वनाचे शब्द त्यांच्यापर्यंत पोहोचले नाहीत. डर्बी म्हणजे काय हे डिझरायलींना कळायचे नाही, असे ते कण्हत म्हणाले. हा प्रसंग डिझरायली यांनी मित्राच्या चरित्रात नोंदवून ठेवला आहे.

१३ सप्टेंबरला डॉन्कॅस्टरच्या मैदानावर सरप्लिसने सेंट लेजरही जिंकली. ती पाहायला लॉर्ड जॉर्ज हजर होते. आठ दिवसांनी, २१ सप्टेंबर १८४८ रोजी दुपारी, वेलबेकहून लॉर्ड मॅन्व्हर्स यांच्याकडे जेवायला ते पायी निघाले. ते पोहोचले नाहीत म्हणून माणसे शोधायला गेली, तेव्हा रात्री कुरणातील पायवाटेवर त्यांचा देह सापडला.