मोलोकाईचे फादर डेमियन

प्रशांत महासागरात अमेरिकेच्या किनाऱ्यापासून फार दूर हवाई नावाचा द्वीपसमूह आहे. तेथील प्रार्थनामंदिरांची अनेक जुनी छायाचित्रे आजही पाहावयास मिळतात. होनोलुलु शहरातील प्रवाळाच्या दगडांनी बांधलेले मोठे चर्च त्यांत आहे, तशीच खेड्यांतील साधी लाकडी मंदिरेही आहेत. परंतु मोलोकाई बेटावरील कलावाओ या गावच्या चर्चचे छायाचित्र हाती आले, की दृष्टी तेथेच खिळून राहते. जवळच आकाशाला भिडलेला कडा, दुसऱ्या बाजूस अथांग सागर आणि मध्ये ते लहानसे पांढरे मंदिर! इतक्या एकाकी जागी ते का बांधले गेले असेल? या प्रश्नाचे उत्तर एका थोर पुरुषाच्या चरित्रात आहे. त्यांचे नाव फादर डेमियन.

डेमियन यांचे मूळचे नाव योजेफ द वस्टर. बेल्जियम देशातील ट्रेमेलो या खेड्यात ३ जानेवारी १८४० रोजी एका शेतकरी कुटुंबात त्यांचा जन्म झाला. मुलाने आपला धान्याचा व्यापार पुढे चालवावा, अशी वडिलांची इच्छा होती. योजेफचे मन मात्र धर्मसेवेकडे ओढले गेले होते. वडील बंधू ज्या संघात होते, त्याच संघात त्यांनी १८५९ साली प्रवेश केला आणि डेमियन हे नाव धारण केले. हे एका प्राचीन वैद्य संताचे नाव होते.

हवाई बेटांवर जाण्यासाठी प्रथम त्यांच्या बंधूंची निवड झाली होती. परंतु निघण्याच्या सुमारास ते तापाने अंथरुणास खिळले. त्यांच्या जागी जाण्याची परवानगी डेमियन यांनी मागितली व ती मिळाली. प्रस्थानापूर्वी, १८६३ साली, काढलेले त्यांचे एक छायाचित्र आहे. हातात क्रूस घेतलेला तेवीस वर्षांचा तो तरुण त्यात सुदृढ व तेजस्वी दिसतो. कित्येक महिन्यांचा सागरप्रवास करून मार्च १८६४ मध्ये ते होनोलुलुस पोहोचले. तेथील प्रवाळाच्या चर्चमध्ये मे महिन्यात त्यांना धर्मगुरूची दीक्षा मिळाली. पुढील नऊ वर्षे त्यांनी हवाई या सर्वांत मोठ्या बेटावर काढली. तेथे ते लोकांची भाषा शिकले आणि हातात करवत व हातोडी घेऊन स्वतः प्रार्थनामंदिरे बांधू लागले.

त्या काळी हवाई बेटांवर कुष्ठरोगाचा फैलाव झाला होता. आपल्याकडे पूर्वी या रोगाला महारोग म्हणत. त्यावर औषध सापडलेले नव्हते आणि सर्वांना त्याची विलक्षण भीती वाटे. हवाईच्या राज्याने १८६५ साली एक कायदा केला. ज्याला हा रोग जडला असेल, त्याला मोलोकाई बेटाच्या एका निर्जन टोकावर नेऊन ठेवावे, असा तो कायदा होता. त्या जागेच्या तीन बाजूंना समुद्र आणि चौथ्या बाजूस सुमारे ६०० मीटर उंचीचा उभा कडा. निसर्गानेच बांधलेला तो तुरुंग होता! १८६६ च्या जानेवारीत पहिले रोगी तेथे उतरविण्यात आले. आईपासून मूल आणि पतीपासून पत्नी तोडली जाई. एकदा तेथे गेलेला मनुष्य सहसा परत येत नसे.

या वसाहतीसाठी धर्मगुरू हवा होता. चार तरुणांनी आळीपाळीने जाण्याची तयारी दर्शविली. त्यांत डेमियन प्रथम गेले. १० मे १८७३ रोजी ते तेथे उतरले. त्यांना राहावयास घर नव्हते. आदल्या वर्षी बांधलेल्या चर्चशेजारी केवड्याच्या जातीचे एक झाड होते. त्याच्याच खाली त्यांनी पहिल्या रात्री काढल्या. थोड्याच दिवसांत त्यांनी वरिष्ठांना पत्र लिहून आपणास कायम येथेच राहू द्यावे, अशी विनंती केली. त्या वेळी ते तेहेतीस वर्षांचे होते.

रोग्यांना स्पर्श करू नये, अशी ताकीद त्यांना देण्यात आली होती. परंतु ज्यांना साऱ्या जगाने दूर लोटले, त्यांना आपणही दूर ठेवले तर त्यांची सेवा कशी होणार? डेमियन त्यांच्या जखमा धूत, मलमपट्ट्या करीत आणि त्यांच्याबरोबर एकाच भांड्यातून जेवत. मृतांना पूर्वी शवपेटीदेखील मिळत नसे. डेमियन आपल्या हातांनी शवपेट्या बनवू लागले व थडगी खणू लागले. वादळाने झोपड्या कोसळल्या, तेव्हा रोग्यांना हाताशी घेऊन त्यांनी लाकडी घरे उभारली. डोंगरातील पाणी नळाने वस्तीपर्यंत आणले. आईबापांविना राहिलेल्या मुलामुलींसाठी निवासस्थाने बांधली.

कलावाओचे चर्चही त्यांनी वाढविले. काही रोग्यांच्या तोंडातून सतत लाळ गळे. पवित्र जागा विटाळेल, या संकोचाने ते प्रार्थनेच्या वेळी बाहेरच थांबत. हे ध्यानात येताच डेमियन यांनी चर्चच्या फळ्यांच्या जमिनीस लहान लहान भोके पाडली. मग ते रोगीही आत येऊन सर्वांबरोबर बसू लागले. मंदिराची शोभा वाढविण्यापेक्षा एका दुःखी माणसाचा संकोच दूर करणे त्यांना अधिक मोलाचे वाटले.

कलावाओ येथे काढलेले त्या काळातील आणखी एक छायाचित्र आहे. वस्तीतील मुलींच्या गायनपथकासमवेत डेमियन त्यात उभे आहेत. ज्या ठिकाणी केवळ मरणाची वाट पाहिली जात होती, तेथे गाणे सुरू झाले होते!

डेमियन यांचा स्वभाव हट्टी व काहीसा तापट होता. औषधे, लाकूड व कपडे यांसाठी ते अधिकाऱ्यांशी वारंवार भांडत. स्वतःचे दुःखही त्यांना कमी नव्हते. एकदा त्यांचे वरिष्ठ जहाजातून आले असता कप्तानाने त्यांना उतरू दिले नाही. तेव्हा डेमियन यांनी लहान नावेत उभे राहून, जहाजावरील लोकांच्या देखत, मोठ्याने आपल्या दोषांचा कबुलीजबाब दिला.

१८८४ च्या डिसेंबरात त्यांनी थकलेले पाय गरम पाण्यात बुडविले. पाणी इतके कढत होते, की कातडीवर फोड आले. परंतु वेदना मात्र झाल्या नाहीत. या रोगात त्वचेची संवेदना नष्ट होते. डेमियन काय ते समजले. आता तेही त्या वस्तीतील रोग्यांपैकी एक झाले होते. तरी त्यांनी काम सोडले नाही. पुढे १८८६ साली जोसेफ डटन हे अमेरिकन गृहस्थ त्यांच्या मदतीस आले आणि १८८८ साली मदर मॅरिऍन कोप आपल्या भगिनींसह आल्या. त्यामुळे आपल्यामागे या लोकांचे कसे होईल, ही त्यांची चिंता मिटली.

त्यांचे अखेरचे छायाचित्र १८८९ सालचे आहे. चेहरा सुजलेला व विद्रूप झालेला, डोळ्यांवर चष्मा, एक हात झोळीत अडकविलेला. क्रूस घेतलेला तो तेजस्वी तरुण हाच, यावर विश्वास बसत नाही. १५ एप्रिल १८८९ रोजी, वयाच्या एकोणपन्नासाव्या वर्षी, त्यांनी देह ठेवला. ज्या झाडाखाली त्यांनी पहिल्या रात्री काढल्या, त्याच झाडापाशी त्यांना पुरण्यात आले.

ज्या १८७३ साली डेमियन मोलोकाईस गेले, त्याच साली नॉर्वेतील डॉक्टर हान्सेन यांनी या रोगाचे जंतू शोधून काढले. पुढे औषधे निघाली आणि आज हा रोग पूर्ण बरा होतो. मोलोकाईचा तो कठोर नियम १९६९ साली रद्द झाला. तोवर सुमारे ८००० माणसांना तेथे पाठविण्यात आले होते. डेमियन यांचे अवशेष १९३६ साली बेल्जियमला नेण्यात आले. मात्र त्यांचा उजवा हात १९९५ साली कलावाओच्या मूळ थडग्यात परत आणला गेला. २००९ साली त्यांना संतपद देण्यात आले. डेमियन व डटन यांच्या नावाने दिला जाणारा पुरस्कार १९८३ साली आनंदवनाचे संस्थापक, आपले बाबा आमटे यांना मिळाला होता.

होनोलुलु येथील विधानभवनासमोर १९६९ साली डेमियन यांचा पुतळा उभारण्यात आला. त्यासाठी तरुणपणाचे देखणे छायाचित्र निवडणे सहज शक्य होते. परंतु शिल्पकर्तीने निवडले ते अखेरच्या दिवसांतील छायाचित्र. त्या विद्रूप चेहऱ्यातच डेमियन यांच्या सोळा वर्षांच्या सेवेची खरी कहाणी लिहिलेली होती.