नाणी तोलणारे गणिती

गोमंतभूमीचे सुपुत्र दामोदर धर्मानंद कोसंबी यांचा जन्म ३१ जुलै १९०७ रोजी गोव्यात झाला. वडील धर्मानंद हे बौद्ध धर्माचे गाढे अभ्यासक. दामोदर हार्वर्डला शिकले आणि पुढे पुण्याच्या फर्ग्युसन कॉलेजात गणित शिकवू लागले.

तक्षशिलेला चांदीची जुनी नाणी सापडली होती. त्यांवर ठशांची चिन्हे आहेत, पण राजाचे नाव नाही की साल नाही. मग आधीचे कोणते आणि नंतरचे कोणते? कोसंबींनी तराजू घेतला. नाणे हातोहाती फिरले की झिजते, हे कुणीही सांगेल. किती झिजते, हे मोजले कुणी? त्यांनी साल छापलेली, बाजारात चालणारी नाणीही हजारोंनी तोलली. नाणे जितके जुने, तितके सरासरी वजन कमी आणि नाण्यानाण्यातला फरक जास्त. तक्षशिलेच्या नाण्यांतही मागच्या बाजूची चिन्हे वाढत गेली तसे वजन उतरत गेलेले दिसले. इतिहासाला वजनकाट्याची साक्ष मिळाली ती अशी.

इब्रामपूर-पेडण्याची मुले आता पीएचडीला लागतात. आकडे गोळा करण्याआधी त्यांनी हे प्रकरण जरूर वाचावे, असे आम्हांस वाटते.

पुढचेही वाचावे. रीमानच्या गृहीतकाची सिद्धता सापडली असे कोसंबींनी मांडले, पण ती टिकली नाही. एवढ्या मोठ्या गणितीलाही तिथे सूट नव्हती. १९६२ साली टाटा मूलभूत संशोधन संस्थेतील त्यांची नोकरी संपली. पुण्याभोवतीच्या टेकड्यांवर प्राचीन दगडी पाती वेचणाऱ्या या माणसाचे २९ जून १९६६ रोजी पुण्यातच निधन झाले.