कोडमध्ये राहिलेलं नाव : डॉ. बरिल क्रोन

बेळगावचा पेशंट आतड्याच्या जुनाट सुजेसाठी कोल्हापूर, मिरज किंवा गोव्याला दाखवायला गेला, की सोबत जाड फाइल असते. डॉक्टरांचं अक्षर लागत नाही, राज्य बदललं की कागदांची भाषाही बदलते. पण डिस्चार्ज कार्डावर के-५० असा कोड असेल, तर तो सगळीकडे एकच सांगतो : क्रोन्स डिसीज. मेडिक्लेमच्या फॉर्ममध्ये हॉस्पिटलने भरायच्या भागातही अशा कोडसाठी रकाना असतो.

ज्यांचं नाव या आजाराला मिळालं, ते डॉ. बरिल बर्नार्ड क्रोन न्यूयॉर्कचे. आजाराला आपलं नाव लागावं, अशी त्यांची मागणी कधीच नव्हती.

बारा भावंडांच्या घरातला मुलगा

क्रोन यांचा जन्म १३ जून १८८४ चा. ज्यू कुटुंब, घरात बारा भावंडं. वडिलांना पोटाचा त्रास होता, म्हणून मुलगा डॉक्टरकीकडे वळला असं सांगतात. १९०७ मध्ये कोलंबिया विद्यापीठाची वैद्यकीय पदवी घेऊन ते माउंट सायनाय हॉस्पिटलमध्ये रुजू झाले. पुढची बहुतेक कारकीर्द तिथेच गेली. १९२० मध्ये तिथल्या पोटविकार विभागाची जबाबदारी त्यांच्याकडे आली.

त्या काळी लहान आतड्याच्या शेवटच्या भागात सूज आणि गाठ दिसली, की डॉक्टर बहुतेक वेळा आतड्याचा टीबी लिहून मोकळे होत. दुसरा आजार असू शकतो, हे कुणाच्या फारसं मनातच येत नसे. नोंद एकदा तशी झाली, की पुढचा डॉक्टरही तीच नोंद पुढे नेई.

चौदा पेशंटांची नोंद

१९३० च्या सुमारास क्रोन यांच्याकडे एक किशोरवयीन मुलगा आला. ताप, जुलाब, पोटात उजवीकडे खाली दुखणं आणि हाताला लागणारी गाठ. संशय अर्थात टीबीचाच. सर्जन डॉ. ए. ए. बर्ग यांनी ऑपरेशन करून आतड्याचा तो भाग काढला. तपासणीत टीबीचा पुरावा मिळाला नाही.

त्याच हॉस्पिटलमध्ये डॉ. लिऑन गिन्झबर्ग आणि डॉ. गॉर्डन ओपनहायमर हे दोघे बर्ग यांच्या ऑपरेशनमधून निघालेल्या आतड्यांचा आधीपासून अभ्यास करत होते. त्यांच्याकडे असेच बारा पेशंट होते. क्रोन यांचे दोन धरून चौदा झाले. चौदाही जणांची लक्षणं, ऑपरेशनमध्ये काय दिसलं, आतड्याच्या तुकड्यात काय निघालं, हे एकत्र मांडलं तेव्हा एक वेगळाच आजार समोर आला.

मे १९३२ मध्ये न्यू ऑर्लिन्सच्या वैद्यकीय अधिवेशनात हे काम मांडलं गेलं. आधी नाव ठरलं होतं टर्मिनल इलायटिस, म्हणजे लहान आतड्याच्या शेवटच्या भागाची सूज. पण टर्मिनल म्हटलं की पेशंट आता वाचत नाही असा अर्थ लोक काढतील, ही सूचना आली. म्हणून नाव बदलून रीजनल इलायटिस केलं. ऑक्टोबरमध्ये शोधनिबंध छापून आला.

नाव एकाचं का?

लेखकांची नावं इंग्रजी वर्णानुक्रमे छापली होती. त्यात क्रोन पहिले. लेखन आपलं नाही म्हणून बर्ग यांनी स्वतःचं नाव घालू दिलं नव्हतं, नाहीतर कदाचित आज बर्ग डिसीज म्हटलं असतं. बारा पेशंट ज्यांचे, ते दोघे मागे राहिले. हा हिशेब आजही अनेकांना खटकतो.

त्याआधी १९१३ मध्ये ग्लासगोच्या डॉ. डॅलझिएल यांनीही अशाच पेशंटांचं वर्णन छापलं होतं, पण ते विस्मरणात गेलं. पोलंडमध्ये तर आजाराच्या नावात आजही आधी तिथल्याच लेश्निओव्स्की यांचं नाव घेतात. खुद्द क्रोन आजाराला रीजनल इलायटिसच म्हणत. १९४९ च्या त्यांच्या पुस्तकाचं नावही तेच आहे.

१९५६ मध्ये अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष आयझेनहॉवर यांचं याच आजारासाठी ऑपरेशन झालं आणि आजार घरोघरी कळला.

कोड काय सांगतो

हा आजार लहान आतड्यापुरताच आहे, असं आधी मानलं जाई. १९६० मध्ये लंडनच्या डॉक्टरांनी तो मोठ्या आतड्यातही होतो हे नीट दाखवलं. आजच्या कोडमध्ये हा फरक दिसतो. के-५०.० म्हणजे लहान आतडं, के-५०.१ म्हणजे मोठं, के-५०.९ म्हणजे जागा नोंदलेली नाही. अल्सरेटिव्ह कोलायटिसला के-५१, तर आतड्याच्या टीबीला ए-१८.३. अमेरिकेतल्या विस्तारित यादीत रक्तस्राव, आतडं अडकणं, फिस्टुला, गळू यांनाही वेगवेगळे अंक आहेत.

कोड लिहिणारा माणूस मात्र मनाने काही घालू शकत नाही. डॉक्टरांनी कुठलं आतडं, काय गुंतागुंत हे लिहिलंच नसेल, तर हातात राहतो तो मोघम के-५०.९.

आपल्याकडे ही गोष्ट जास्त महत्त्वाची, कारण भारतात टीबी भरपूर आहे आणि दोन्ही आजार कोलोनोस्कोपीत सारखेच दिसू शकतात. क्रोन्सच्या पेशंटला टीबीच्या गोळ्या दिल्या, तर महिने वाया जातात. टीबीच्या पेशंटला क्रोन्स समजून प्रतिकारशक्ती दाबणारी औषधं दिली, तर टीबी उसळून जिवावर बेतू शकतं. म्हणून बायोप्सीचा रिपोर्ट, आतड्याचा कुठला भाग आणि निदान कशावरून केलं, हे कागदावर स्पष्ट लिहून घेणं पेशंटच्याच हिताचं.

क्रोन नव्वदीपर्यंत पेशंट तपासत राहिले. २९ जुलै १९८३ रोजी कनेक्टिकटमध्ये, वयाच्या ९९ व्या वर्षी, ते गेले. टीबी म्हणून फाइल बंद न करता चौदा पेशंटांची नीट नोंद झाली, म्हणूनच आज या आजाराला स्वतःचा कोड आहे.