आधी आत्म्याची भाकर
(जॉर्ज म्यूलर यांच्या जीवनातील वचनमनन)

पहाटे उठून गुडघे टेकावेत, डोळे मिटावेत, प्रभूचे नाव घ्यावे; आणि दोनच मिनिटांत मन मुलांच्या फीकडे, कचेरीतील राहिलेल्या कामाकडे किंवा आदल्या रात्रीच्या बोलाचालीकडे निघून जावे, हा अनुभव आपणांपैकी कोणाला नाही? आपण स्वतःला दोष देतो, पुन्हा डोळे मिटतो आणि पुन्हा भरकटतो. पुढे पुढे तर प्रार्थनेचीच टाळाटाळ होऊ लागते. ज्या देवमाणसाला अवघे ख्रिस्ती जग प्रार्थनावीर म्हणून ओळखते, त्या जॉर्ज म्यूलर यांनीही हीच व्यथा कित्येक वर्षे सोसली होती. ती त्यांनी लपवून ठेवली नाही. त्यांनी ती लिहून ठेवली आणि छापून प्रसिद्धही केली. तिच्यावर त्यांना जो उपाय गवसला, तो त्यांच्या पुढील सत्तावन्न वर्षांच्या सेवेचा पाया ठरला.

तीनशे पुस्तके, पण बायबल नाही

जॉर्ज म्यूलर यांचा जन्म २७ सप्टेंबर १८०५ रोजी प्रशियातील क्रॉपनस्टेट ह्या गावी झाला. वडील सरकारी करवसुली खात्यात नोकरीस होते. मुलाने पाळक व्हावे अशी त्यांची इच्छा होती. परंतु त्यामागे भक्तीपेक्षा पोटापाण्याची चांगली सोय व्हावी हाच विचार अधिक होता. मुलाची चाल मात्र निराळी होती. वडिलांच्या ताब्यातील सरकारी पैसा तो चोरी. तो चौदा वर्षांचा असताना त्याची आई वारली. त्या रात्री, तिच्या आजाराची कल्पना नसलेला हा मुलगा मध्यरात्र उलटेपर्यंत पत्ते खेळत बसला होता. सोळाव्या वर्षी हॉटेलाचे पैसे बुडवल्याबद्दल त्याने तुरुंगही पाहिला.

पुढे तो हाले येथील विद्यापीठात धर्मज्ञानाच्या अभ्यासासाठी दाखल झाला. त्या वेळी त्याच्या संग्रही तीनशेहून अधिक पुस्तके होती, पण बायबल नव्हते. पाळक होऊ पाहणाऱ्या विद्यार्थ्याची ही अवस्था! १८२५ सालच्या नोव्हेंबर महिन्यात एका मित्राबरोबर तो एका विश्वासू गृहस्थाच्या घरी भरणाऱ्या शनिवारच्या प्रार्थनासभेस गेला. तेथे एका मनुष्याला गुडघे टेकून प्रार्थना करताना त्याने पाहिले आणि त्याचे अंतःकरण हलले. त्या संध्याकाळपासून त्याच्या जीवनाने नवे वळण घेतले.

तथापि तारण मिळाल्याबरोबर वचनाची गोडी लागली असे झाले नाही. पहिली चार वर्षे आपण देवाच्या ग्रंथाऐवजी माणसांचे ग्रंथ वाचण्यातच अधिक रमलो आणि त्यामुळे आत्मिक दृष्टीने बालकच राहिलो, अशी खंत म्यूलर यांनी पुढे व्यक्त केली आहे. १८२९ साली ते यहुदी लोकांमध्ये सेवा करण्याच्या उद्देशाने लंडनला आले. तेथे प्रकृती बिघडल्याने हवापालटासाठी ते इंग्लंडच्या नैर्ऋत्य किनाऱ्यावरील टिनमथ ह्या गावी गेले. आजारातून उठत असतानाच पवित्र शास्त्र हेच आपले एकमेव प्रमाण, ही गोष्ट त्यांच्या मनावर ठसली. मग त्यांनी तिची परीक्षाच घेतली. पहिल्याच संध्याकाळी ते खोलीचे दार लावून केवळ शास्त्र आणि प्रार्थना यांत गढून गेले. त्या थोड्या तासांत त्यांना मागील कित्येक महिन्यांपेक्षा अधिक लाभ झाला.

१८३० साली म्यूलर टिनमथच्या मंडळीचे पाळक झाले. त्याच वर्षी मेरी ग्रोव्हज हिच्याशी त्यांचा विवाह झाला. मंडळीकडून ठरावीक पगार घेणे त्यांनी सोडून दिले. १८३२ साली आपले सहकारी हेन्री क्रेक यांच्यासह ते ब्रिस्टल शहरी आले आणि तेच त्यांचे आयुष्यभराचे कार्यक्षेत्र झाले.

एका वचनातून उभे राहिलेले घर

ब्रिस्टलच्या रस्त्यांवर निराधार मुले हिंडत असत. त्यांच्यासाठी घर काढावे असे म्यूलर यांच्या मनात आले. माणसांपुढे हात न पसरता केवळ देवाकडे मागून हे घर चालावे, म्हणजे आपला देव आजही जिवंत व विश्वासू आहे हे दुबळ्या विश्वासाच्या बंधुभगिनींना दिसेल, हा त्यांचा मुख्य हेतू होता. ५ डिसेंबर १८३५ च्या संध्याकाळी वाचन करीत असता ८१ व्या स्तोत्रातील दहाव्या वचनाशी ते थांबले. देव आपल्या लोकांना मिसर देशातून सोडवल्याची आठवण देतो, तोंड मोठे उघडण्यास सांगतो आणि ते भरून टाकण्याचे अभिवचन देतो, असा त्या वचनाचा आशय आहे. तोपर्यंत हे काम करावे की नाही एवढेच ते देवाला विचारीत होते. आता त्यांनी ते वचन आपल्या गरजेला लावले, आणि घर, एक हजार पौंड व योग्य सहकारी ह्या तिन्ही गोष्टी मागितल्या. हजार पौंडांची ती रक्कम सुमारे दीड वर्षात पूर्ण झाली.

ह्या कथेत एक गमतीचा भागही आहे. अनाथांचे अर्ज घेण्याचा दिवस ठरला. म्यूलर वाट पाहत बसले. एकही अर्ज आला नाही. तेव्हा त्यांच्या ध्यानात आले की, आपण घर मागितले, पैसा मागितला, माणसे मागितली, पण मुले मागायचीच राहिली! त्या संध्याकाळी त्यांनी तीही मागितली आणि दुसऱ्या दिवशी पहिला अर्ज आला. एप्रिल १८३६ मध्ये विल्सन स्ट्रीटवर मुलींसाठी पहिले घर उघडले.

१८४१ चा वसंतऋतू

थोड्याच वर्षांत ह्या घरांतील मुलांची संख्या शंभराच्या आसपास पोहोचली. १८३८ पासून परीक्षेचे दिवस सुरू झाले. पुढच्या जेवणापुरताही पैसा हाती नाही, असे प्रसंग वारंवार येत. शिवाय मंडळीची देखरेख, उपदेश, पत्रव्यवहार, शाळांचा आणि बायबलवाटपाचा व्याप ही कामे होतीच. अशा माणसाला कोणी त्याचे पहिले कर्तव्य विचारले असते, तर मुलांच्या भाकरीची सोय हेच उत्तर अपेक्षिले गेले असते.

१८४१ च्या वसंतऋतूत म्यूलर काही दिवस नेल्सवर्थ ह्या गावी राहिले होते. तेथे त्यांच्या मनात एक गोष्ट लख्ख झाली. प्रभूची सेवा किती करावी, ही रोजची पहिली चिंता नसावी. आपला स्वतःचा आत्मा प्रभूमध्ये आनंदित आहे की नाही, हे पाहणे हेच दररोजचे पहिले काम होय. सेवा करणाराच जर आतून उपाशी असेल, तर तो इतरांना काय वाढणार?

हा आनंद मिळावा कसा? निदान दहा वर्षे त्यांचा नियम असा होता की, सकाळी कपडे करून तयार झाले की लगेच प्रार्थनेस लागायचे. परंतु पहिली दहा मिनिटे, पाव तास, कधी अर्धा तासही मन भटकण्यातच जाई. आता त्यांनी क्रम बदलला. पहाटे उठल्यावर वचनावर आशीर्वाद मिळावा म्हणून थोडक्यात विनंती करायची आणि लगेच नवा करार उघडून, क्रमाने, एकेका वचनाचे मनन करायचे. उपदेशासाठी मुद्दे शोधायचे नाहीत. स्वतःच्या आत्म्याला आज कोणती भाकर मिळते एवढेच शोधायचे. काही मिनिटांतच ते वचन कोठे पाप दाखवी, कोठे उपकाराची आठवण देई, कोठे एखाद्या व्यक्तीचा चेहरा पुढे आणी. आणि मनन आपोआप पापकबुलीत, आभारस्तुतीत वा मध्यस्थीत रूपांतरित होई. ती प्रार्थना झाली की पुढचे वचन, पुन्हा मनन, पुन्हा प्रार्थना. पित्याने आधी बोलावे आणि लेकराने त्याला उत्तर द्यावे, असा हा क्रम होता. मन भटकण्याचे दुखणे ह्या रीतीने जवळजवळ नाहीसे झाले. आश्चर्य असे की, उपदेशासाठी काही न शोधताही इतरांना देण्याजोगे पुष्कळ काही त्यांना त्यातूनच मिळत गेले.

प्रकृतीसाठी त्यांना पायी फिरणे आवश्यक होते. पूर्वी तो वेळ वाया गेला असे त्यांना वाटे. आता ते मोठ्या टाइपातील नवा करार बरोबर घेत आणि न्याहारीपूर्वी शेतांतून चालता चालता मनन करीत. ह्यासाठी त्यांना वेगळा मठ लागला नाही की कामातून रजा लागली नाही.

मननाचा अर्थ

येथे मूळ भाषेसंबंधी थोडे सांगणे उपयोगी होईल. पहिल्या स्तोत्रात व यहोशवाच्या पहिल्या अध्यायात आपण ज्याला मनन म्हणतो, त्यासाठी इब्री भाषेत ‘हागा’ हे क्रियापद आले आहे. त्याचा मूळ अर्थ हलक्या आवाजात पुटपुटणे असा आहे. यशयाच्या ३१ व्या अध्यायात भक्ष्यावर गुरगुरणाऱ्या सिंहासाठी आणि ३८ व्या अध्यायात कबुतराच्या कण्हण्यासाठी तोच शब्द योजला आहे. अनुवाद करताना ह्या सर्व छटा एका मराठी शब्दात बसवणे कठीण जाते. तथापि एवढे निश्चित की, मन रिकामे करून शांत बसणे असा त्याचा अर्थ नाही. मन वचनाने भरणे, ते ओठांवर घोळवणे, सिंह आपले भक्ष्य सोडत नाही तसे ते न सोडणे, असा तो अर्थ आहे. नुसते वाचन नळातून वाहणाऱ्या पाण्यासारखे निघून जाते, अशी जाणीव म्यूलर यांनाही होती. म्हणून ते थांबत, तोलून पाहत आणि आपल्या जीवनाला लावून घेत.

परीक्षेच्या घडीला

पहाटे खाल्लेल्या ह्या भाकरीचे बळ संकटाच्या दिवशी कळले. काम वाढत गेले. १८४९ ते १८७० ह्या काळात ब्रिस्टलजवळ अ‍ॅशली डाउन येथे पाच मोठ्या इमारती उभ्या राहिल्या आणि दोन हजारांहून अधिक मुलांची सोय झाली. पाचवी इमारत उघडली त्याच वर्षी, ६ फेब्रुवारी १८७० रोजी, एकोणचाळीस वर्षांची जीवनसंगिनी मेरी अल्पशा आजाराने प्रभूकडे गेली. तिला त्यांनी वाचून दाखवलेला शेवटचा उतारा ८४ व्या स्तोत्रातील होता. सरळ चालणाऱ्यांना देव कोणत्याही उत्तम गोष्टीपासून वंचित ठेवत नाही, ह्या अर्थाचा. तिच्या अंत्यविधीच्या उपदेशासाठी त्यांनी ११९ व्या स्तोत्रातील ६८ वे वचन निवडले आणि देवाच्या चांगुलपणाविषयी तीन गोष्टी सांगितल्या: तिला मला देण्यात देव चांगला होता, तिला इतकी वर्षे माझ्याजवळ ठेवण्यात तो चांगला होता, आणि तिला घेऊन जाण्यातही तो चांगलाच आहे. असे शब्द ऐनवेळी शोधून सापडत नसतात. ते आधीच अंतःकरणात साठलेले असावे लागतात.

सत्तरी गाठता गाठता, १८७५ पासून, म्यूलर देशोदेशी सुवार्तेचे दौरे करू लागले. त्यांनी बेचाळीस देशांत प्रवास केला. हिंदुस्थानातही ते दोनदा आले. दुसऱ्या खेपेस, जानेवारी १८९० मध्ये, जबलपूर येथे त्यांच्या सभा चालू असताना आग्र्याच्या एका मिशनऱ्याचे पत्र त्यांच्या हाती पडले. ब्रिस्टलमध्ये त्यांची एकुलती एक लेक लिडिया वारल्याची तार त्या मिशनऱ्याकडे आली होती. जवळजवळ तीस वर्षे तिने अनाथगृहात बिनपगारी सेवा केली होती. चौऱ्याऐंशी वर्षांच्या पित्याला परक्या देशात ही बातमी समजली. देवावर प्रीती करणाऱ्यांना सर्व गोष्टी मिळून हितकारक होतात, ह्या पौलाने रोमकरांस लिहिलेल्या सत्यावर त्यांनी आपला भार टाकला. मग शोकाकुल जावयाला आधार देण्यासाठी ते दौरा आटोपता घेऊन स्वदेशी परतले.

९ मार्च १८९८ रोजी संध्याकाळी त्यांनी अनाथगृहातील प्रार्थनासभा नेहमीप्रमाणे चालवली. दुसऱ्या दिवशी पहाटे ते आपल्या खोलीत प्रभूकडे गेले. त्यांच्या हयातीत दहा हजारांवर अनाथ मुलांचे संगोपन झाले होते. ज्याच्याजवळ एके काळी तीनशे पुस्तकांत बायबल नव्हते, त्या माणसाने आयुष्यात शंभराहून अधिक वेळा संपूर्ण बायबल वाचले.

आपल्यासाठी

म्यूलर यांचे आत्मवृत्त पंडिता रमाबाईंनी वाचले होते. परमेश्वर त्या देशात जसा विश्वासू ठरला तसा तो हिंदुस्थानातही ठरेल काय, हा प्रश्न त्या वाचनातून त्यांच्यापुढे उभा राहिला. केडगावचे मुक्तिसदन हे त्या प्रश्नाचे उत्तर आहे. रमाबाईंनीही वचनाला आपल्या दिवसाच्या मध्यभागी ठेवले आणि अखेरपर्यंत इब्री व ग्रीक भाषांतून मराठी अनुवाद करीत राहिल्या.

आपण म्यूलर नाही, हे खरे. आपल्यापैकी कोणी पाळीची नोकरी करतो, कोणी लोकलच्या गर्दीत उभा राहतो, कोणी भल्या पहाटे डबे भरते. कोणी हैदराबाद, इंदूर वा दिल्लीसारख्या शहरी आपल्या मराठी मंडळीपासून दूर राहतो. परंतु म्यूलर यांची रीत पाळण्यासाठी पुष्कळ विद्या लागत नाही की मोकळा दिवस लागत नाही. उद्या सकाळी एक शुभवर्तमान उघडावे. एका वाक्यात प्रभूचे साहाय्य मागावे. एक वचन हळू वाचावे, ओठांवर घोळवावे आणि ते जे बोलेल त्याचे उत्तर प्रभूलाच द्यावे. मन पळाले तर स्वतःला दोष देत न बसता वचनाकडे परत यावे. राहिलेले वचन बसथांब्यापर्यंत चालताना बरोबर घ्यावे.

घरातील सर्वांना वाढून झाल्यावर उरलेसुरले खाणारी माउली आपणां सर्वांच्या परिचयाची आहे. सेवेच्या नावाखाली आपण आपल्या आत्म्याचेही तसेच हाल करीत असतो. प्रभूने मात्र पहाटेच पान मांडून ठेवले आहे. आधी तेथे बसू या; मग दिवसभर इतरांना वाढण्यास आपल्या हाती काही राहील.