दोरा पुढे, दोनांचा एक

भरतकामाचा नाद असलेल्या घरात डी. एम. सी. ही तीन अक्षरं ठाऊक नाहीत असं सहसा होत नाही. दोऱ्याच्या लडीभोवतीच्या कागदी पट्टीवर ती छापलेली असतात आणि जवळच रंगाचा आकडा असतो. दुकानात जाऊन आपण आकडा सांगतो, लडी घेतो आणि घरी येतो. ही अक्षरं कशाची, हा प्रश्न मनात येत नाही. ती 'दोल्फ्यूस, मिग आणि कंपनी' या नावाची आहेत. ती देशोदेशीच्या घरांत पोचली, त्यात एका ऑस्ट्रियन बाईंचा मोठा वाटा आहे. त्यांचं नाव तेरेझ द दिलमाँ. त्यांना जाऊन आता सव्वाशेहून अधिक वर्षं झाली; पण सुई हातात धरणाऱ्या कितीतरी जणींच्या त्या आजही शिक्षिका आहेत. म्हणून मी त्यांना आपल्या रिवाजाप्रमाणे 'बाई'च म्हणणार आहे.

बाईंचा जन्म १० ऑक्टोबर १८४६ चा, व्हिएन्नाजवळच्या वीनर नॉयश्टाट या गावातला. वडील तिथल्या लष्करी अकादमीत शिकवत. घराणं प्रतिष्ठित. त्या काळच्या युरोपात अशा घरातल्या मुलीला शिवण, विणकाम, भरतकाम येणं गृहीतच धरलेलं असे. मात्र ती कला दिवाणखान्यात मिरवायची. तिच्यावर पोट भरणं हे काही खानदानीपणाचं लक्षण मानलं जात नसे. बाईंनी ही चौकट मोडली. बहीण फ्रान्सिस्का हिच्याबरोबर त्यांनी व्हिएन्नात भरतकामाचं दुकान थाटलं. घरातल्या मुलींनी फावल्या वेळात करायची गोष्ट त्यांच्या हातात व्यवसाय झाली.

पुढे त्यांची ओळख झाली ज्याँ दोल्फ्यूस यांच्याशी. आल्सास प्रांतातल्या म्युलूझ शहरात दोल्फ्यूस घराण्याचा कापडछपाईचा धंदा १७४६ पासून चालत आला होता. १८०० साली दोल्फ्यूस आणि मिग या दोन आडनावांची सोयरीक कंपनीच्या नावात उतरली आणि छपाईच्या जोडीला पुढे दोऱ्याचा व्यापार वाढला. ज्याँ दोल्फ्यूस हा मोठ्या दृष्टीचा कारखानदार. कामगारांना हप्त्याहप्त्याने विकत घेता येतील अशी बागेसह छोटी घरं त्याने १८५३ पासून म्युलूझमध्ये बांधायला घेतली होती. उत्तम दोरा बनवणं पुरेसं नाही, त्याचं काय करायचं हे बायकांना कळलं पाहिजे, हे या घराण्याने ओळखलं होतं. १८८४ मध्ये बाई म्युलूझला लागून असलेल्या डोर्नाख गावी आल्या आणि कंपनीच्या साहाय्याने त्यांनी भरतकामाची शाळा सुरू केली.

आल्सासची तेव्हाची स्थिती मोठी चमत्कारिक होती. १८७१ च्या युद्धानंतर प्रांत जर्मनीकडे गेलेला, कारखानदार फ्रेंच वळणाचे आणि शाळा चालवणाऱ्या बाई ऑस्ट्रियाच्या. एकाच टाक्याला तीन घरांत तीन नावं! पण बाईंच्या पुढच्या कामाला ही अडचण वरदानच ठरली असावी असं मला वाटतं. नाव सांगून भागत नसेल, तर कृतीच सांगावी लागते.

ते काम म्हणजे १८८६ साली प्रसिद्ध झालेला त्यांचा सुईकामाचा ज्ञानकोश. साध्या शिवणीपासून सुरुवात. मग रफू, पांढऱ्यावर पांढरं भरतकाम, जरीकाम, विणकाम, क्रोशा, टॅटिंग, मॅक्रमे, नाना तऱ्हेच्या लेस. प्रकरणामागून प्रकरणं आणि पानोपानी रेखीव चित्रं. त्याआधीही विणकामाची पुस्तकं होती. पण त्यांतल्या बऱ्याच जणांनी एकमेकांचे नमुने उचललेले, ओळी गाळलेल्या, आकडे चुकलेले. बाईंनी स्वतःला एक नेम घालून घेतला. पुस्तकात जाणारा नमुना, कितीही किरकोळ असो, आधी स्वतःच्या हाताने करून पाहायचा आणि मगच त्याचं वर्णन लिहायचं. हा नेम म्हणजे केवढे कष्ट, हे विणणारीलाच कळेल.

मी या पुस्तकाची इंग्रजी आवृत्ती प्रथम पाहिली ती माझ्या मावशीच्या कपाटात. ठेंगणं, जाडजूड, विटेसारखं पुस्तक. त्याच्या बऱ्याच आवृत्त्यांवर छपाईचं सालच नसतं. तसं ते याही प्रतीवर नव्हतं. स्वेटर मला विणता येत होता, पण सुयांवरची जाळीदार लेस नाही. मुंबईच्या हवेत लोकरीचा उपयोग तो किती! सुती दोऱ्याची लेस मात्र बाराही महिने कामाची. जवळपास शिकवणारं कोणी नव्हतं. तेव्हा शंभर वर्षांपूर्वीच्या या बाईंकडेच मी शिकवणी लावली.

पहिला धडा मिळाला तो विणकामाचा नव्हे, बसण्याचा. साध्या शिवणीच्या प्रकरणात बाई आधी हेच सांगतात. खुर्ची आणि टेबल यांची उंची जुळलेली हवी, मान फारशी वाकवावी लागता कामा नये आणि काम गुडघ्याला टाचून शिवण्याची खोड प्रकृतीला वाईट. शिवणाचा दोरा चाळीस ते पन्नास सेंटिमीटरपेक्षा लांब घेऊ नये, सुई दोऱ्याहून किंचित जाड असावी. आपल्या आज्या हेच तर सांगत. फक्त छापलेलं नव्हतं इतकंच.

विणकामात त्या हातांपासून सुरुवात करतात. इंग्लंड-फ्रान्समध्ये दोरा उजव्या हातावर घेतात, जर्मनीत डाव्या. डाव्या हाताच्या पद्धतीत काम भराभर होतं, हे त्या नमूद करतात. मग टाके घालणं, सुलट, उलट. आणि मग येतो जाळीचा खरा प्राण. दोरा सुईवरून एकदा नुसताच फिरवायचा. पुढच्या ओळीत तो वेढा नेहमीच्या टाक्यासारखा विणायचा, की तिथे भोक पडतं. पण त्याने सुईवर एक टाका वाढतो. म्हणून प्रत्येक वेढ्याची भरपाई कुठेतरी दोन टाके एकत्र विणून करायची, म्हणजे संख्या होती तेवढीच राहते. दोरा पुढे, दोनांचा एक. सुयांवरच्या लेसचं सारं शास्त्र या चार शब्दांत आहे.

ज्यांना करून पाहायचं असेल त्यांनी मध्यम जाडीचा सुती दोरा आणि जरा जाड सुया घ्याव्यात. वीस टाके घालावेत. दोन ओळी साध्या विणून तिसऱ्या ओळीत एक काठाचा टाका विणावा, मग 'दोरा पुढे, दोनांचा एक' असं नऊ वेळा करावं आणि शेवटचा टाका साधा विणावा. परतीची ओळ सगळी उलट. या दोन ओळी पुन्हा पुन्हा विणत गेलं की जाळी तयार! दोन टाके सरळ एकत्र विणले तर ते उजवीकडे झुकतात. एक टाका न विणता उचलला, पुढचा विणला आणि उचललेला त्यावरून उतरवला, तर जोड डावीकडे झुकतो. पानं, पाकळ्या, नागमोडी वळणं हा सगळा या झुकण्याचाच खेळ. दर ओळीनंतर टाके मोजावेत. सुईवरून काढलेली लेस सुरकुतलेल्या चिंधीसारखी दिसते. तेव्हा निराश होऊ नये. ती ओली करावी, जाड कापडावर पसरून टाचण्यांनी ताणावी आणि वाळू द्यावी. भोकं उघडतात आणि नमुना डोळ्यांपुढे येतो.

आता हे पुस्तक जाहिरातही होतं, हे मान्य केलं पाहिजे. नमुन्यानमुन्याखाली डी. एम. सी. चा कोणता दोरा, कितव्या नंबरचा घ्यायचा हे लिहिलेलं असे. कंपनीचा धंदा त्यातून वाढला. पण जाहिरात विसरली जाते आणि शिकवण उरते, हे इथे घडलं. पुस्तकाची सतरा भाषांत भाषांतरं झाली. बाईंच्या नावाची दुकानं व्हिएन्ना, पॅरिस, लंडन, बर्लिन अशा राजधान्यांत निघाली.

बाईंना हे यश फार दिवस पाहता आलं नाही. चाळिशी उलटल्यावर, १८८९ मध्ये, त्यांनी व्हिएन्नातले व्यापारी योझेफ शॉयरमान यांच्याशी लग्न केलं. संसार पुरतं वर्षभरही मांडून झाला नसेल, तोच २२ मे १८९० रोजी बाडेन-बाडेन इथे त्यांचं निधन झालं. वय अवघं त्रेचाळीस. ज्ञानकोश निघून चारच वर्षं झाली होती. त्यांच्याच नावाच्या भाचीने आणि घरच्यांनी त्यांचं काम पुढे चालवलं.

हातातली कला आईकडून मुलीकडे, सासूकडून सुनेकडे जाते, असं आपण म्हणतो. पण किती घरांत ती साखळी तुटते! आजी गावी राहते, आईला नोकरीपुढे वेळ नसतो, मुलगी परदेशी जाते. एखाद्या हाताबरोबर एखादी वीण कायमची नाहीशी होते आणि कोणाच्या लक्षातही येत नाही. बाईंनी नेमकी ही भीती ओळखली होती. शेजारी बसून शिकवणारं कोणी नसलेल्या एकट्या बाईला शिकता यावं, म्हणून त्यांनी आधी स्वतः टाकान् टाका घालून पाहिला. तुमच्या घरात एखादी मावशी, आत्या, आजी एखादी वीण तोंडाने पुटपुटत विणत असेल, तर या रविवारी तिच्याजवळ वही घेऊन बसा. ती सांगेल ते लिहा. पण लिहिण्याआधी तिच्यासमोर चार ओळी स्वतः विणून बघा.