काळकर्ते शिवरामपंत परांजपे

बंगळूरच्या शेषाद्री रस्त्याने जाताना फ्रीडम पार्ककडे आपणां सर्वांचे लक्ष जाते. २००८ मध्ये हे उद्यान खुले झाले. तत्पूर्वी तेथे मध्यवर्ती कारागृह होते. आणीबाणी जाहीर होताच, २६ जून १९७५ रोजी, संसदीय समितीच्या कामासाठी या शहरी आलेल्या चार खासदारांना अटक होऊन त्या कारागृहात ठेवण्यात आले. वाजपेयी, अडवाणी व श्यामनंदन मिश्र यांच्याबरोबरचे चौथे म्हणजे आपले राजापूरचे प्रा. मधु दंडवते. पुढे दोनच दिवसांनी मुंबईच्या टाइम्स ऑफ इंडियात निधनवार्तांच्या रकान्यात एक छोटी जाहिरात झळकली. लोकशाहीचे इंग्रजी नाव मोठ्या खुबीने तोडून ते कोणा ख्रिस्ती गृहस्थाचे असावे असे भासविले होते, आणि सत्य, स्वातंत्र्य, श्रद्धा, न्याय ही त्याच्या शोकाकुल आप्तांची नावे होती. सेन्सॉरचा अंमल सुरू झालेला असताना ही निधनवार्ता छापून गेली आणि देशभर लोक गालांत हसले.

हे हसू मराठी माणसाला नवे नव्हते. त्याच्या आजोबा-पणजोबांनी ते सत्तर वर्षांपूर्वी ‘काळ’ साप्ताहिकातून मनमुराद अनुभवले होते. ‘काळ’चे संपादक शिवराम महादेव परांजपे यांचे चरित्र या सुवर्णमहोत्सवी स्मरणिकेसाठी आम्ही मुद्दाम निवडले, त्याचे एक घरगुती कारणही आहे, ते ओघाने येईलच.

शिवरामपंतांचा जन्म २७ जून १८६४ रोजी कुलाबा जिल्ह्यातील महाडचा. शिक्षणासाठी ते पुण्यास आले आणि विष्णुशास्त्री चिपळूणकरांच्या वातावरणात वाढले. संस्कृत हा त्यांचा जिव्हाळ्याचा विषय. एम्. ए. होऊन काही काळ त्यांनी त्याचे अध्यापनही केले. चार माणसांसारखी प्राध्यापकी करीत ते सुखाने कालक्रमणा करते, तर आज एक विद्वान शास्त्री म्हणून त्यांचे नाव एखाद्या कोशात सापडले असते. परंतु १८९७ साल उजाडले.

त्या वर्षी पुण्यात प्लेगने थैमान घातले, आणि प्लेगपेक्षाही घरझडतीच्या सोजिरांनी लोक हवालदिल झाले. २२ जूनच्या रात्री रँडवर गोळी झाडली गेली. नातू बंधूंना चौकशीवाचून स्थानबद्ध करण्यात आले. टिळकांना राजद्रोहाबद्दल दीड वर्षाची शिक्षा झाली. राजद्रोहाचे १२४-अ हे कलम १८७० पासून होतेच. १८९८ मध्ये सरकारने त्याची व्याप्ती वाढवून शंकेला जागाच ठेवली नाही. सुज्ञ संपादकाने लेखणी म्यान करावी असे हे दिवस. नेमक्या त्याच वर्षी, मार्च महिन्यात, शिवरामपंतांनी ‘काळ’ काढला. नावातच श्लेष होता. काळ म्हणजे समय, आणि काळ म्हणजे यमही. यांपैकी कोणता अर्थ घ्यायचा, हे त्यांनी वाचकावर सोपविले.

त्यांच्या लेखनाची किल्लीही हीच. उघड निंदा केली तर कलम होते. म्हणून त्यांनी स्तुती करावयास प्रारंभ केला. संस्कृत साहित्यशास्त्रात जिला व्याजस्तुती म्हणतात ती, आणि तिची थोरली बहीण वक्रोक्ती, या दोन अलंकारांना त्यांनी पाठशाळेतून उचलून थेट राजकारणाच्या चव्हाट्यावर आणले. राज्यकर्त्यांच्या दयाळूपणाचे ते इतके भरघोस वर्णन करीत की, त्या भाराखाली ती दया आपोआप मोडून पडे. कधी पुराणातला एखादा जुलमी राजा, कधी परदेशातला स्वातंत्र्यसंग्राम ते विषयासाठी घेत. पुण्याचे नाव नाही, कलेक्टरचे नाव नाही. ती नावे वाचकाने मनातल्या मनात भरून घ्यायची. वाक्याचा अर्धा भाग संपादक लिही आणि उरलेला अर्धा वाचक पुरा करी. शिक्षा करावयाची तर कोणाला?

सरकारदरबारी देशी वृत्तपत्रांतील मजकुराचे इंग्रजी सारांश दर आठवड्यास तयार होत. त्या भाषांतरकाराची आम्हांस खरोखरच कणव येते. ‘काळ’मधील स्तुती शब्दशः इंग्रजीत उतरवावी तर पंत परम राजनिष्ठ ठरणार, आणि खरा अर्थ लिहावा तर तो मूळ शब्दांत दाखवायचा कुठे?

पंतांचे समकालीन श्रीपाद कृष्ण कोल्हटकर यांच्या ‘सुदाम्याच्या पोह्यां’नीही महाराष्ट्राला हसविले. पण त्यांचा रोख आपल्याच रूढींवर होता, आणि रूढी माणसाला तुरुंगात धाडीत नाहीत. शिवरामपंतांच्या विनोदाला बेडीचा आवाज होता. तो सर्वत्र सारखाच उतरला आहे असे मात्र आम्ही म्हणणार नाही. कित्येक निबंधांत कल्पनेची आतषबाजी लांबते, एकच मुद्दा चार उपमांनी घोळला जातो, आणि आजचा वाचक अधीर होतो. परंतु ते लेख मोठ्याने वाचावयाचे आहेत. पंत स्वतः फर्डे वक्ते होते आणि त्यांची वाक्ये सभेतल्या श्रोत्यांसाठीच घडलेली वाटतात.

त्या वाक्यांनी तरुण पिढी पेटली. सावरकर त्यांतलेच, १९०५ च्या पुण्यातील विदेशी कपड्यांच्या होळीस टिळकांसमवेत परांजपेही उपस्थित होते, आणि विलायतेतील शिष्यवृत्तीसाठी सावरकरांची शिफारस करणाऱ्यांतही या दोघांची नावे आहेत.

१९०८ मध्ये मुझफ्फरपूरला बाँब फुटला आणि सरकारची सहनशीलता संपली. वक्रोक्तीची ढाल किती काळ पुरणार? ती पुरते, जोवर न्यायासनाला निदान शब्दाचा आधार हवा असतो तोवर. पंतांवर राजद्रोहाचा खटला झाला. त्यांच्या साहाय्यार्थ टिळक मुंबईस आले, आणि २४ जून रोजी त्यांनाही तेथेच अटक झाली. जुलैमध्ये पंतांना १९ महिन्यांची शिक्षा ठोठावण्यात आली. त्याच महिन्यात टिळकांना सहा वर्षांची. पंत १९०९ मध्ये सुटले, परंतु पुढच्याच वर्षी नव्या प्रेस ॲक्टान्वये जबर जामीन मागण्यात आला आणि ‘काळ’ बंद पडला. त्यातील निवडक निबंधांचे खंडही सरकारने जप्त केले. खड्या आवाजात राजनिष्ठेचे गोडवे गाणारी पुस्तके खुद्द सरकारनेच जप्त करावी, हा विनोद पंतांनाही सुचला नसता!

पुढे १९२० मध्ये त्यांनी ‘स्वराज्य’ साप्ताहिक काढले, गांधीजींच्या चळवळीला साथ दिली, मुळशी सत्याग्रहात पुन्हा कारावास पत्करला, मराठ्यांच्या लढायांचा इतिहास लिहिला. १९२९ मध्ये बेळगावच्या साहित्य संमेलनाचे अध्यक्षपद त्यांना लाभले. आपल्या या राज्यात आज असलेल्या त्या गावी महाराष्ट्राने त्यांचा हा गौरव केला, आणि त्याच वर्षी २७ सप्टेंबरला त्यांचे निधन झाले.

आता ते घरगुती कारण. मंडळाच्या एका वाचनसंध्येस आम्ही ‘काळ’मधील एक निबंध वाचावयास घेतला. मागच्या रांगेतील वृद्ध मंडळी दुसऱ्याच परिच्छेदाला खुसुखुसू हसू लागली. पुढे बसलेली, येथेच जन्मलेली मुले मात्र गंभीर. शब्द त्यांना कळत होते. वाचन संपल्यावर एका मुलीने अगदी निरागसपणे विचारले की, काका, हे गृहस्थ इंग्रजांच्या बाजूचे होते का? तेव्हा आम्ही सारेच हसलो, ती थोडी ओशाळली; आणि मग आम्हीच ओशाळलो. त्या सरकारी भाषांतरकाराच्या खुर्चीवर आम्ही आमच्याच लेकरांना बसविले होते.

पुढच्या महिन्यात तोच निबंध पुन्हा लावला. या खेपेस वाचन तिनेच केले. आधी आजोबांपाशी बसून, कोठे आवाज चढवायचा आणि कोठे साळसूद चेहरा करायचा, हे तिने विचारून घेतले होते. दुसऱ्या परिच्छेदाला पुढची रांग हसली.