खासबागेची माती आणि शाहू छत्रपती

तालमीला मारुतीचे अधिष्ठान लाभले ते समर्थ रामदासांमुळे, असे मराठी परंपरा मानते. त्यांचा दासबोध जेथे सिद्ध झाला असे सांगतात, ती शिवथरघळ महाड तालुक्यातच आहे. तालमी झाल्या, जत्रांतून कुस्त्यांचे फडही रंगू लागले; मात्र जत्रा पांगली की आखाडा ओस पडे. या मातीला कायमचे घर बांधून दिले ते कोल्हापूरच्या राजर्षी शाहू छत्रपतींनी.

कागलच्या घाटगे घराण्यात २६ जून १८७४ रोजी जन्मलेले यशवंतराव १८८४ मध्ये कोल्हापूरच्या गादीवर दत्तक आले आणि शाहू झाले. राजकोट व धारवाड येथे शिक्षण झाल्यावर २ एप्रिल १८९४ रोजी त्यांनी कारभार हाती घेतला. धिप्पाड देहाच्या या राजाला कुस्तीचा नाद तरुणपणापासूनच होता. तालमींना साह्य आणि मल्लांच्या खुराकाची तजवीज दरबारातून होऊ लागली. उत्तरेतले, विशेषतः पंजाबातले नामांकित पैलवान कोल्हापूरची वाट धरू लागले. याला केवळ राजाचा शौक म्हणणे अन्यायाचे होईल. शेतकऱ्यांची पोरे, मुसलमान मल्ल आणि अस्पृश्य मानले गेलेले तरुण यांना या दरबाराचा आश्रय होता. ज्या राजाने १९०२ मध्ये संस्थानच्या नोकऱ्यांत मागासवर्गीयांसाठी निम्म्या जागा राखून ठेवल्या, त्याच्या आखाड्याचे दार बंद राहणे शक्य नव्हते.

त्याच वर्षी सातव्या एडवर्डच्या राज्यारोहणासाठी ते विलायतेस गेले. या प्रवासात त्यांनी रोमचे कलोसियम पाहिले आणि तो घाट त्यांच्या मनात भरला. त्या वास्तूत माणसांचे बळी गेले होते. शाहूंनी घाट तेवढा घेतला, खेळ मात्र आपला ठेवला. कोल्हापुरात खासबागेचे मैदान १९१२ मध्ये उभे राहिले. मधोमध तांबड्या मातीचा हौदा आणि त्याभोवती चढत गेलेली बैठक. मध्ये कोठे खांब नाही, आडोसा नाही. अगदी शेवटच्या रांगेतल्या माणसालाही डाव दिसावा अशी रचना. हजारो प्रेक्षक सामावणारे असे कुस्तीचे मैदान तेव्हा देशात दुर्मीळच होते. गामाचा भाऊ इमामबक्ष आणि गुलाम मोहिद्दीन यांची लढत या मैदानाने प्रारंभीच पाहिली. शेजारी १९१५ मध्ये पॅलेस थिएटर उभे राहिले आणि एका भिंतीआड नाटक, दुसऱ्या भिंतीआड कुस्ती असा योग जुळला.

६ मे १९२२ रोजी मुंबईत महाराजांचे निधन झाले, तेव्हा त्यांनी पन्नाशीही गाठलेली नव्हती. राजाराम महाराजांनी कुस्तीचा आश्रय पुढे चालविला. तरीही सारा डोलारा दरबारच्या थैलीवर उभा होता, हे त्याचे दुबळेपण होते. १ मार्च १९४९ रोजी संस्थान मुंबई राज्यात विलीन झाले आणि ती थैली मिटली.

दुसरा घाव खेळाच्या नियमांचा होता. मातीतल्या कुस्तीला घड्याळ ठाऊक नव्हते. पाठ लागली की निकाल. जगाची कुस्ती मात्र गादीवर, मिनिटांच्या आणि गुणांच्या हिशेबाने चालत होती. कोल्हापुरात शिकलेले खाशाबा जाधव १९४८ च्या लंडन ऑलिम्पिकला गेले, तो खर्च कोल्हापूरच्या महाराजांनी उचलला होता. गादीचा सराव नसूनही ते सहावे आले. १९५२ मध्ये हेलसिंकीला जाण्यासाठी दरबार उरला नव्हता. राजाराम महाविद्यालयाचे प्राचार्य खर्डेकर यांनी घर गहाण ठेवून सात हजार रुपये उभे केले. खाशाबांनी कांस्यपदक आणले. स्वतंत्र भारताचे ते पहिले वैयक्तिक ऑलिम्पिक पदक, आणि ते जिंकले गेले गादीवर.

खासबागेत त्यानंतरही कुस्त्या होत राहिल्या. केशवराव भोसले यांचे नाव मिळालेले शेजारचे नाट्यगृह ८ ऑगस्ट २०२४ रोजी आगीत भस्मसात झाले. महाराष्ट्र केसरी स्पर्धेत माती आणि गादी असे दोन विभाग असतात. मातीचा विजेता आणि गादीचा विजेता किताबासाठी समोरासमोर येतात, तेव्हा ती शेवटची लढत गादीवर होते.